संडासातलं नवं कॅलेंडर

हॉलंडमधल्या विन्सखोटनच्या वुबिनाला खोटं बोलता यायचं नाही, आणि जिला खोटं जमत नाही तिने घरात पोर लपवू नये, असं तिची बहीण पुढे जन्मभर म्हणत राहिली. बहिणीचं काय जातंय म्हणायला! पोर मागच्या दारात उभी असताना कोण असले हिशेब करत बसतं?

पोर शेजारच्या बेत्येची, सात वर्षांची युडिक. बेचाळीस सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी जर्मनांनी ज्यूंना गाड्यांत भरून न्यायला सुरुवात केली. बेत्येची आई अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून बेत्येला पळता येईना. तिने मुलगी वुबिनाच्या हाती दिली आणि स्वतः आईबरोबर गेली. वुबिना विधवा, मूलबाळ नाही, लोकांचे कपडे इस्त्री करून पोट भरायची. भिंतीत बसवलेल्या पलंगाखाली बटाटे ठेवायचा खण होता, तिथे तिने युडिकसाठी गोधडी अंथरली. दार वाजलं की पोर आत सरकायची आणि खणाच्या तोंडाशी बटाट्यांचं पोतं यायचं. महिनोन् महिने कुणाला पत्ता लागला नाही. वाटाण्याचं सूप पुढे आलं की युडिक रुसायची, पत्त्यांत सर्रास लबाडी करायची. वुबिनाच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी दिवसभर ‘मावशी, मावशी’ करत होतं. त्या दिवसांत ती सुखी होती, आणि त्याची तिला लाजही वाटायची.

जानेवारीत संडासातलं वाढदिवसांचं कॅलेंडर पार फाटलं. तिकडे सगळ्यांच्याच घरी ते संडासातच टांगलेलं असतं. बसल्या बसल्या नजर जाते आणि कुणाचा दिवस चुकत नाही. वुबिनाने नवं आणलं आणि रविवारी दुपारी जुन्यावरची नावं त्यावर उतरवली. गेलेल्या माणसांची नावं उतरवायची नसतात, म्हणून नवऱ्याचं नाव गाळताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बहीण, भाचे, आणि एकोणीस मार्चला युडिक. हात आपोआप चालला. घरातल्या पोरीचं नाव कोण गाळेल?

फेब्रुवारीत जर्मन झडती घ्यायला आले. सोबत गावातलाच शिपाई तोंको होता. त्याचे शर्ट वुबिनाच इस्त्री करायची. कपाटं झाली, माळा झाला, काही सापडलं नाही. जाता जाता तोंको संडासात जाऊन आला आणि दारातच थांबला.

“वुबिनाबाई, कॅलेंडर नवं दिसतंय.”

“हो, गेल्याच महिन्यात आणलं.”

“नवऱ्याचं नाव नाही घातलंत.”

“ते गेले ना.”

“मग शेजारची युडिक कशी राहिली? ती पण गेलीच की.”

चुकून लिहिलं म्हणाली असती तरी कदाचित निभावलं असतं. पण वुबिनाचे मेले डोळे पलंगाकडे गेले. तोंकोने पोतं बाजूला ओढलं. युडिक रडली नाही. तिने मोजे वर ओढून नीट केले आणि म्हणाली, “येते हं मावशी.” ती परत आली नाही.

वुबिनाने आठ महिने तुरुंग भोगला. युद्ध संपल्यावर उन्हाळ्यात बेत्ये आली, एकटीच, ओळखू येणार नाही इतकी वाळलेली. चुगली दूधवाल्यानेच केली असं गावाने ठरवून टाकलं होतं आणि तो गाव सोडून गेलाही होता. बेत्येने खुर्चीवर बसत एवढंच विचारलं, “त्यानेच सांगितलं ना?”

नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. वुबिनाने तसं केलं नाही. कॅलेंडर, तोंको, आपले डोळे कुठे गेले, सगळं सांगितलं.

बेत्ये कोटाची बटणं लावत उठली.

“खोटं तरी बोलायचंस गं,” ती म्हणाली. “शिव्याशाप द्यायला मला कुणीतरी उरलं असतं. तुला कशी देऊ मी?”