दस्त्यातला खजूर

मी आयुष्यात एकही बंदूक विकत घेतलेली नाही, एकही गोळी झाडलेली नाही. फटाक्यांच्या बाबतीतही मी फुलबाजीच्या पुढे कधी गेलो नाही. तरी मित्रमंडळीत मला बंदूकवाला म्हणतात, आणि मी ते कौतुकाने ऐकून घेतो.

याची सुरुवात झाली ती सुट्या भागांपासून. मस्कतजवळ रुसैलच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. बेअरिंग, बेल्ट, नट, बोल्ट. प्रत्येक वस्तूला नंबर आणि प्रत्येक नंबराला खण. वर्षानुवर्षं हेच केलेल्या माणसाला कुठेही नंबर दिसला की तो त्याचा जोडीदार शोधायला लागतो. बायको म्हणते, लग्नातसुद्धा मी तिच्याकडे आधी तसंच पाहिलं होतं.

कारखान्याची सरकारी कागदपत्रं करणारा एक ओमानी माझ्या बरोबरीचा. मी त्याला गमतीने शेख म्हणायचो, तो मला सदीक, म्हणजे दोस्त. त्याची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा चांगली होती. तेव्हा सुट्टी नुकतीच गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली होती. अशाच एका शुक्रवारी सकाळी तो मला निझवाच्या बाजारात घेऊन गेला. बकऱ्यांचा लिलाव बघू म्हणाला. बकऱ्या राहिल्या बाजूला. तिथे पांढऱ्या दाढीची म्हातारी माणसं खांद्याला जुन्या लष्करी बंदुका अडकवून फिरत होती, आणि आपल्याकडे आंबे दाबून बघतात तशी गिऱ्हाइकं त्या बंदुका चाचपत होती. इंग्रजांच्या फौजांनी कधीकाळी वापरून टाकलेल्या, समुद्रावरून इकडे आलेल्या, आता ईदला आणि लग्नाला मिरवायच्या बंदुका.

शेखने एक माझ्या हातात दिली आणि पहिला धडा शिकवला. "लाकडाकडे बघू नकोस, लाकूड सगळे चकचकीत करतात. हा मागेपुढे सरकणारा बोल्ट, ह्याच्यावर नंबर आहे. आता बॉडीवरचा बघ. सारखा आहे?"

नव्हता.

"म्हणजे दोन बंदुकांची मिळून एक केलीय. ठेव खाली."

मी तिथेच घायाळ झालो! शंभर वर्षांपूर्वी कुण्या स्टोअरवाल्याने ठोकलेले नंबर, आणि ते अजून जुळलेले सापडतात! त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी मी निझवाला. नळीतून पांढऱ्या कागदाकडे बघायचं म्हणजे आतली झीज दिसते, हे शिकलो. शिक्के वाचायला शिकलो. विकत मात्र काही घेता येत नव्हतं. परवाना लागतो, आणि आमच्यासारख्या नोकरीवर आलेल्याला तो कोण देणार? म्हणून मी वहीत नंबर गोळा करायचो. बोल्टचा एका रकान्यात, बॉडीचा दुसऱ्यात. जुळले की लाल टिंब. वर्षभरात लाल टिंबं जमली चार.

"पाचवं टिंब माझ्या बाबाच्या घरात आहे," शेख एकदा म्हणाला. "येतोस?"

त्याचं गाव निझवाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. खजुराच्या बागेतून पाण्याचा पाट खळखळत जात होता. त्याचे वडील सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, ताठ, तोंडात मोजके दात. हात धुऊन आम्ही गालिच्यावर बसलो. त्यांच्या बागेतला खजूर झाला, कडू कॉफी झाली, पेला हलवून पुरे म्हणायचं असतं हे मी विसरल्यामुळे आणखी चार कॉफ्या झाल्या. मग बाबांनी भिंतीवरची बंदूक उतरवून माझ्यापुढे ठेवली.

बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर, एकच! पुढच्या लाकडावरसुद्धा तोच! पट्टा लोकरीचा, हाताने विणलेला, काळा आणि लाल. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या जाड लाकडी भागाच्या टोकाला पितळी पत्रा, आणि त्यात एक एवढंसं दार.

आता माझं अरबी म्हणजे गोडाऊनमधले चाळीस शब्द. त्यातला स्तुतीचा एकच. पण मी नाटकातला माणूस. चिपळूणला गणपतीत राजाची कामं केलेली. मी दोन्ही हात पसरले, डोळे मिटले आणि म्हणालो, "वाजिद झेन!" फार सुंदर. बाबा हसले. मला चेव आला. बंदूक छातीशी धरून पुन्हा, "वाजिद झेन!" शेख खोकला. मी दस्त्याच्या लाकडावरून हात फिरवत गायलोच, "वाजिद, वाजिद झेन!"

बाबांनी माझे दोन्ही हात बंदुकीवर घट्ट दाबले आणि काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुझी," शेख म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

मी नाही म्हटलं. बाबांनी मान हलवली. मी कानाला हात लावले, उठून उभा राहिलो, बंदूक भिंतीकडे नेली. जितका नाही म्हणत गेलो तितके ते गंभीर होत गेले. शेवटी त्यांनी स्वतः ती चटईत गुंडाळून शेखच्या गाडीत नेऊन ठेवली, वर खजुराचा एक डबा ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निरोप दिला.

शेखने गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "एकदा माशाल्ला म्हणायचं आणि गप्प बसायचं. पाहुण्याने एखाद्या वस्तूवर इतका जीव टाकला की माझा बाप ती घरात ठेवू शकत नाही. जुना माणूस आहे."

"मी फक्त तीनदा म्हटलं रे."

"चारदा. मी मोजत होतो. आणि मिठी मारलीस ती वेगळी."

पुढचं त्याने हळू आवाजात सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात, तलवारी घेऊन पुरुष नाचतात तेव्हा बाबा सगळ्यांच्या पुढे असतात. हीच बंदूक उंच हवेत फेकतात आणि झेलतात. तिचा पट्टा शेखच्या आईने विणलेला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकट्याच्या लग्नात ह्या बंदुकीच्या रूपाने तरी ती असेल, असं बाबा घरात म्हणत होते.

मला गाडीतून उडी मारावीशी वाटली. "मग वळव ना गाडी!"

"दिलेली वस्तू परत नेलीस तर त्याला वाटेल, त्याचं देणं तुला कमी पडलं. बोलणार नाही काही, पण पुन्हा तुझ्यासमोर बसणारही नाही. आणि मी गुपचूप नेली तर मलाच घराबाहेर काढेल."

"मग लग्नात?"

"शेजाऱ्याची मागून आणेल."

मस्कतला, अल हैलमधल्या आमच्या बिल्डिंगपाशी आलो तेव्हा चारचा चहा व्हायची वेळ होती. बंदूक माझ्याकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता. बाबांच्या घरच्या बंदुकीचा परवाना शेखलाही लागू होता, मला नाही. पण गाडीत सोडून येणंही बरं नव्हतं, म्हणून तो चटईची गुंडाळी काखेत घेऊनच वर आला.

बायकोने दार उघडलं. "या भाईसाब. अहो, हे काय आणलंत?"

"चटई."

"चटईला चाप कधीपासून असतो?"

मग सगळं सांगावं लागलं, अभिनयासकट. शेख मान खाली घालून चहा पीत होता. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "माझ्या पोळ्यांना वीस वर्षांत एकदा चांगलं म्हणाला नाहीत, आणि बंदुकीला चारदा?"

"मिठी पण मारली, भाभी," शेखने चहाडी केली.

विषय बदलावा म्हणून मी दस्त्याचं पितळी दार नखाने उघडून दाखवलं. आत लाकडात कोरलेली बोटभर जाडीची पोकळी. "ही बघ गंमत. ह्यात तेलाची छोटी बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवायची सोय असते. ह्याच्यात काहीच नाहीये."

ती वाकून आत डोकावली. "म्हणजे हा डबाच आहे की."

"डबा काय, दस्ता आहे तो."

"झाकण आहे, आत जागा आहे, डबाच." तिने ओट्यावरचा स्टीलचा डबा उचलून शेखसमोर धरला. "हा बघा. वरच्या मल्याळी ताई आणि मी, दोन वर्षं हा फिरतोय. त्यांच्याकडून केळ्याचे वेफर्स येतात, मी त्यातून चकल्या पाठवते. आता हा मूळचा कुणाचा, ते त्यांनाही आठवत नाही नि मलाही. भरून आलेला डबा कुणी नको म्हणतं का? बाबांना बंदूक परत नाही करायची. डबा भरून पाठवायचा."

शेखने कप खाली ठेवला. "रमदानमध्ये," तो सावकाश म्हणाला, "शेजारणीचं ताट माझी आई कधी रिकामं जाऊ देत नसे."

"मग? खजूर कुठाय त्यांचा?"

पुढचा तासभर आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लष्करी बंदूक आडवी, आणि तिच्या शेजारी परात. बायकोने बाबांचाच खजूर तुपात परतून मऊ केला, बदामाचे काप घातले, बोटासारखा वळला, तिळात घोळवला. पहिला रोल आत गेला तो बाहेरच येईना! शेखचा रंग उडाला. "यल्ला सदीक, काहीतरी कर, इंग्रजांपासून आजवर हिच्यात काही अडकलं नाही!" चमच्याच्या दांड्याने उकरून उकरून काढला आणि तिघांनी खाऊन टाकला. दुसरा बारीक वळून तेलकागदात गुंडाळला. तो ऐटीत बसला. रात्री बंदूक शेखच्या मस्कतच्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गावी. चटईची गुंडाळी दिसताच बाबांचा चेहरा दगडासारखा झाला. मी तोंड उघडणार, एवढ्यात बायकोने माझ्या पायावर पाय दिला आणि स्वतःच तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत बोलायला लागली, जणू बाबा रत्नागिरीचेच. शेख अरबीत सांगत गेला. "बाबा, काल तुम्ही आमच्याकडे डबा पाठवलात. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत."

बाबांनी चटई सोडवून बंदूक मांडीवर घेतली. मग अंगठ्याने पितळी दार उघडलं, दस्ता तळहातावर दोनदा आपटला. रोल घरंगळत बाहेर आला. कागद सोडवून त्यांनी वास घेतला, मोजक्या दातांनी तुकडा तोडला, आणि इतका वेळ चघळत राहिले की मला घाम फुटला.

"म्हणतायत, हा खजूर तर माझाच," शेखने सांगितलं. "तुमचं ह्यात काय?"

"तूप," बायको म्हणाली. "आणि हात."

बाबांचे खांदे हलायला लागले. हसत होते! हसता हसता डोळे पुसले, उरलेला रोल मुलाच्या हातात कोंबला, आणि बंदुकीचा पट्टा खांद्यावर सरळ करत मला काहीतरी सांगितलं.

"म्हणतायत, डबा आता रिकामा झाला. म्हणजे भरायची पाळी त्यांची."

माझा जीव पुन्हा टांगणीला. हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. बाबांनी मला पुरेसं घाबरू दिलं. मग म्हणाले, लग्न होऊ दे, त्यानंतर भरतो.

लग्नाला आम्ही दोघं गेलो. ऊन उतरल्यावर ढोल वाजू लागले, पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर झुलू लागल्या. पुढे बाबा. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात बंदूक. शेख माझ्या कानात म्हणाला, "गेल्या वेळी सुटता सुटता वाचली होती. नको म्हटलं, ऐकत नाही." ढोल चढले. बाबांनी गुडघे वाकवले आणि बंदूक वर फेकली. ती आकाशात एक गिरकी घेऊन उभी राहिल्यासारखी वाटली, काळा-लाल पट्टा पतंगाच्या शेपटीसारखा पसरला. शेखने माझं मनगट धरलं होतं. बाबा नुसते मान वर करून त्या पट्ट्याकडे बघत होते. ती खाली आली आणि त्यांच्या मुठीत बसली. बायकांच्या बाजूने एकच जल्लोष झाला.

धापा टाकत ते सरळ माझ्यापाशी आले. बंदूक माझ्या नाकासमोर धरली आणि डोळे बारीक करून विचारलं, कशी झाली?

माझ्या पोटात निदान दहा वाजिद झेन उड्या मारत होते. "माशाल्ला," मी म्हणालो.

ते वाट बघत उभे राहिले. मी ओठ आवळले. भुवया उंचावून त्यांनी आणखी चिथावलं. मी नाकाने श्वास घेत राहिलो. शेवटी तेच खो खो हसले, दस्त्याचं दार उघडलं, आतून बोटाएवढी पितळी बाटली काढली आणि बायकांच्या घोळक्यातून आलेल्या माझ्या बायकोच्या हातावर ठेवली. हीच ती मूळची तेलाची बाटली, इतकी वर्षं त्यांच्या पेटीत पडलेली. आता तिच्यात गुलाबाचं अत्तर होतं.

"म्हणतायत, हिला परवाना लागत नाही," शेख म्हणाला.

माझ्या संग्रहातली ती पहिली वस्तू. परतीच्या वाटेवर मी ती गाडीतल्या दिव्याखाली धरून बुडाखालचा शिक्का वाचायचा प्रयत्न करत होतो. बायकोने ती माझ्या हातातून काढून घेतली, हुंगली, आणि म्हणाली, "शिक्का राहू दे. ह्यात आता आपण काय भरायचं, ते सांगा."