बर्चच्या बुडाचं गवत

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे राहायचो; त्यानं घरापुढे हौसेनं वीपिंग बर्च लावला होता. पांढऱ्या सालीचं झाड, फांद्या खाली जमिनीकडे सोडणारं. दुसऱ्याच उन्हाळ्यात, ऐन जुलैत, त्याचा शेंडा पिवळा पडला.

मुलानं झाडांचा माणूस बोलावला. तो दोन फेऱ्या मारून म्हणाला, जागा फार तापते, हे जगणार नाही, ऑक्टोबरात काढू. मुलगा हो म्हणून मोकळा झाला. मला कोणी विचारलं नाही. शाळा माझी चौथीतच सुटली, पण चाळीस वर्षं मी गावाकडे पानमळा केलाय. पानवेलीची मुळं गार राहिली तर वेल राहते. इथं लॉन थेट खोडाला भिडलेलं. स्प्रिंकलर दहा मिनिटं उडायचा, ते पाणी गवतच पिऊन टाकायचं. मी म्हणालो, गवत काढावं लागेल.

"बाबा, लॉन खराब होईल. आणि तो प्रोफेशनल आहे."

"मग मी काय हौशी आहे? पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाडाला हात लावायचा नाही."

तो ऑफिसला गेला तसं मी फावडं घेतलं. खोडाभोवती दोन हात गवत सोललं. मुळं वरच होती, तिथं नुसत्या बोटांनी. वर लाकडाच्या ढलप्या पसरल्या, खोडाला लागू दिल्या नाहीत. मग रोज सकाळी होज बारीक धारेवर तासभर. सूनबाईनं विचारलं, दारात विहीर खणताय का? मुलगा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. तरी ऑक्टोबरात त्यानं त्या माणसाला फोन करून काम कॅन्सल केलं, हे सांगितलं पाहिजे.

पुढच्या जुलैत बर्च शेंड्यापासून हिरवा, फांद्या पार ढलप्यांना टेकलेल्या. तो माणूस शेजारी कामाला आला होता, तो आपणहून थांबला. ढलप्या सारून मातीत बोटं घातली आणि हे कोणी केलं म्हणून मुलाला विचारलं.

"माय फादर," मुलगा म्हणाला. एवढं इंग्रजी मला येतं.

माणूस गेल्यावर मी म्हणालो, झाड पसरलंय, गवत अजून हातभर मागे घ्यायला हवं. मुलगा हसला. "बास आता बाबा, तेवढं लॉन राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी वळणाआड गेली आणि मी चारी बाजूंनी आणखी हातभर गवत सोललं.