पोरगी गवत कापायले गेली

माझ्या लेकीला गवत कापायला विलायतेत बोलावलं, हे मी चहाच्या हॉटेलात सांगितलं तेव्हा लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं त्यांना वाटलं असावं. त्यांचं काही चुकलं नाही. पोरीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला तिच्याबद्दल तेच वाटलं होतं.

आमचं वावर इंझोरीच्या शिवारात. जन्मभर मी एकाच गवताशी भांडलो, ते म्हणजे हरळी. नांगरून मरत नाही, उन्हानं मरत नाही. एक कांडी मातीत राहिली की पंधरा दिवसांत पुन्हा अर्ध्या वावरात. माझी बायको उकिडवी बसून खुरप्यानं तिची मुळी न् मुळी खणायची आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर नेऊन टाकायची. तिचे गुडघे त्यातच गेले. म्हणून पोरीला शिकवलं, अकोल्याला शेतकी कॉलेजात घातलं. शिकून पोरगी पुण्याला गोल्फच्या मैदानावर नोकरीला लागली. काम काय, तर हरळी वाढवणं. हरळीला पाणी, हरळीला खत, रोज सकाळी मशीननं कापणी. मी एकदा जाऊन पाहिलं. एवढी जमीन, आणि एक दाणा पिकत नाही. माणसं काठीनं पांढरा चेंडू मारत मारत नेतात आणि एका भोकात घालतात. अशी अठरा भोकं झाली की घरी जातात.

"याले काम म्हनतेत?" मी विचारलं.

"तुमी उपटलं थे काम, अन् मी लावलं थे काम नाही काय?" पोरगी म्हणाली.

तिच्या मायला मात्र भारी कौतुक. कोणी विचारलं की सांगायची, "माही पोरगी गवताची साहेब हाये." मी चिडलो की अजून मोठ्यानं सांगायची.

तर यंदा पोरीचा फोन आला. स्कॉटलंडला बायांची गोल्फची फार मोठी स्पर्धा आहे. वर्षातून अशा मोठ्या पाचच असतात, आणि ही समुद्राच्या काठावर आहे. तिथलं गवत सांभाळायला देशोदेशीच्या पोरी बोलावल्या, त्यात हिचं नाव लागलं. दोन हप्त्यांचं काम.

"कधी हाये?" मी विचारलं.

तिनं तारीख सांगितली. मग म्हणाली, "बाबा, मायचं वर्ष त्याच हप्त्यात येते. चार दिवस पुढं नाही ढकलता येईन?"

माझं टाळकं सटकलं. "तारीख म्हंजे तारीख," मी म्हटलं. खरं तर विहारातल्या भन्तेजींनी मला आधीच सांगितलं होतं की दिवसाचं काही नाही, सवडीनं करा. ते मी पोरीला सांगितलं नाही.

"तुमी नोको म्हनसान तर नाही जात," ती म्हणाली.

"मी कायले नोको म्हनू? जाय. गवत सुकून जाईन तुह्याबिना."

गेली बिचारी. आणि मी घरात भांडी आपटत बसलो.

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं. मागच्या वर्षी बायको गेली तेव्हा पोरगी पुण्यात होती. तिच्या मैदानावर सामने होते. काम चालू असलं की फोन कपाटात ठेवावा लागतो. मी दुपारी एक वाजेपासून फोनावर फोन लावले, तिनं तीन वाजता पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गावात पोचली आणि मायच्या पायाशी बसून एकच म्हणत राहिली, मी फोन उचलला असता तर बोलणं झालं असतं. वर्षभर तेच. आणि मी वर्षभर गप्प.

गप्प यासाठी की बायकोला त्रास सकाळी सातपासून होता. दुपारपर्यंत ती धड बोलत होती. मी फोन हातात घेतला तर म्हणाली, "नोका सांगू तिले. सामने हायेत तिचे. संध्याकाळी सांगू." जन्मभर तिचं एक ऐकलं नाही मी, आणि नेमकं ते ऐकलं. बाराच्या पुढं जास्त झालं तेव्हा शेजाऱ्याच्या ऑटोत घालून मानोऱ्याच्या दवाखान्याकडे निघालो. एक वाजता रस्त्यातून पोरीला फोन लावला, तोवर बायकोचं बोलणं बंद झालं होतं. दवाखाना आलाच नाही. पोरीला हे सांगावं असं रोज मनात यायचं आणि रोज मी दुसरंच काहीतरी विचारायचो. जेवली काय. पाणी येते काय. हे असंच.

पोरीनं तिथून लिंक पाठवली, सामने फोनवर दिसतात म्हणे. पहिल्या दिवशी जेवून पाहायला बसलो. पाहतो तर काय, मोठी स्पर्धा म्हणतात आणि जमीन आमच्या गायरानासारखी. एक झाड नाही. टेकाडं, खड्डे, रेती आणि नुसता वारा. बाया टोप्या धरून तिरप्या चालत होत्या. आणि दोन्ही बाजूंनी कंबरभर वाळलेलं गवत. एका बाईचा चेंडू त्यात गेला. ती, तिचं ओझं उचलणारा आणि आणखी चारजण काठ्यांनी गवत बाजूला करत हिंडले. चेंडू सापडला नाही. बाईचं तोंड एवढंसं झालं.

मला इकडे पोरीची काळजी लागली. वावरात तण राहिलं की बोल कोणाला लागतो ते मला माहीत आहे. मी लगेच बोललेला निरोप पाठवला, "बाई, तुह्या कडंले लय तण माजलं. त्या बाईचा चेंडू गमावला त्याच्यात. कोनी साहेब पाह्यच्या आंधी कापून टाक."

तासाभरानं तिचा फोन आला. हसून हसून तिला बोलता येईना.

"बाबा, थे मुद्दाम ठेवलं हाये."

"तण मुद्दाम?"

"चेंडू वाकडा गेला तं त्रास झाला पाह्यजे, म्हनून. अशा जमिनीले लिंक्स म्हनतेत. समुद्राकाठची रेती हाये, पेरलं तं उगवत नाही. पयले लोक हितं मेंढ्या चारत. हे खड्डे हायेत नं, मेंढ्या वाऱ्यानं दबून बसत, त्याच्यानं पडले म्हनतेत."

"अन् आता त्याच्यात बाया पडून राह्यल्या."

"चेंडू पडते, बाबा."

"मंग थे खड्डे बुजवत काहून नाही?"

तिनं कपाळाला हात लावला असेल. वारा फार सुटला तर भोकाजवळचं गवत थोडं उंच ठेवावं लागतं, नाहीतर ठेवलेला चेंडूही गडगडत जातो, असं काहीबाही ती सांगत होती. पहाटे चारला उजाडतं, तेव्हाच कापायला निघतात. मी हूं हूं केलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ती हसत होती म्हणून नाही सांगितलं, असं मी मनाशी म्हटलं. ती रडत असती तर त्यासाठी नसतं सांगितलं.

वर्षाचा कार्यक्रम स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी आला. विहारात वंदना झाली, भन्तेजींचं जेवण झालं, पाहुणे जेवले. पाहुण्यांत जो तो विचारे, पोरगी कुठं आहे. गवत कापायला गेली म्हटलं की तो खिरीची वाटी पुढं करे. दुपारी घरात मी आणि माझा साळा राहिलो. साळा रिठदचा. बायकोहून दोन वर्षांनी लहान, पण बोलायला सगळ्यांचा बाप. मी खिरीच्या रिकाम्या गंजाला फोन टेकवून सामना लावला. तो पाहत बसला आणि अस्वस्थ होत गेला.

"भाऊजी, हे का खेळ हाये? कोनी पळत नाही, कोनी पडत नाही."

"चूप पाह्य."

"पोरगी कुठं दिसते याच्यात?"

"थे नाही दिसत. गवत दिसते."

 मग त्याच्या पोटातलं बाहेर आलं. "खरं सांगू काय, वाईट दिसलं. माय गेली तवा जवळ नाही, वर्षाले नाही. माह्या बहिनीनं याच्यासाठी हाडं झिजवले काय? मरताना फोन उचलला नाही पोरीनं, सगळ्या गावाले मालूम हाये."

एवढे महिने मी स्वतः तिच्यावर चिडत होतो. गवत, पुणं, विलायत, सगळ्यावर. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला ते सहन झालं नाही.

"फोन मीच उशिरा केला," मी म्हटलं. "सकाळपासून तुही बहीन बोलत होती. मी एक वाजेलोक केलाच नाही. पोरीले बोलू नोको."

साळ्यानं विचारलं, "तिले मालूम हाये?"

"नाही."

"मंग मले काय सांगून राह्यले?" तो म्हणाला, आणि उठून हात धुवायला गेला. त्याच्या आयुष्यात तो एवढंच शहाणपणाचं बोलला असेल.

मी सामना बंद केला आणि पोरीला फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ होती, लगेच उचलला.

"झाला कार्यक्रम? भन्तेजी आले होते?"

"आले, जेवले, गेले. आईक. मंधात बोलू नोको. तुह्या मायले त्या दिवशी सात वाजतापासून तरास होता. तिनं म्हटलं पोरीले सांगू नोका, मी नाही सांगतलं. एक वाजता तुले लावला तवा थे बोलत नोती. तू उचलला असता तरी बोलनं झालं नसतं."

फोनमध्ये वारा फार होता. ती आडोशाला गेली असावी, वारा कमी झाला.

"सात वाजता फोन माह्या हातात होता," ती म्हणाली. "सव्वासातले ठेवला मी कपाटात."

"हव."

"वर्ष झालं, बाबा. मी थो फोन रातीसुद्धा उशाशी घेऊन निजतो. अन् तुमी मले इचारत होते, पानी येते काय."

"झालं माह्याकडून."

"झालं म्हनते," ती म्हणाली. मग नाक ओढून, "काम संपलं का निंगतो मी. भांडायले येतो. घरीच राहजा." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी शेवटचा सामना एकट्यानं पाहिला. कोण जिंकलं ते विचारू नका. मी भोकाजवळचं गवत पाहत होतो. सरळ पट्टे काढले होते, चांगल्या हातानं तिफण धरावी तसे. त्यातला एखादा पट्टा तिचा असेल, कोणता ते कोण सांगणार.

ती आली ती पुण्याला न थांबता. पिशवी ओसरीत टाकली, पाया पडली नाही. हातांना घट्टे, नाकाचं सालपट निघालेलं. मी चहा ठेवला तर म्हणाली, "चहा नोको. बसा. सहा वाजतापासून सांगा."

"सांगतलं नं सगळं."

"फोनवर चार शब्द सांगतले. पयल्यापासून सांगा."

मी सांगितलं. तिची माय सहाला उठली, चूल पेटवली, चहा मांडला, सातला छाती भरून आली म्हणाली.

"चहा पेली?"

"अर्धा."

"अर्धा कोनाले देला?"

"मले काय मालूम? तसाच होता."

"लुगडं कोनतं होतं?"

"हिरवं."

"हिरवं तं तिनं मामीले देलं होतं दिवाईले."

"मंग दुसरं असन. मी लुगडे पाहत होतो काय तवा?"

"काय पाहत होते मंग?"

असं तिनं सोलून काढलं मला. रडली, ओरडली, मग पुन्हा विचारायला लागली. दोनदा सांगून झालं. मी वैतागलो, उठून पाणी पिऊन आलो. तिसऱ्यांदा सांगताना मला आठवलं की ऑटो यायच्या आधी बायकोनं भाकरीचा तुकडा मोडून बकरीला टाकला होता, आणि बकरीनं तो हुंगून सोडला म्हणून तिला शिवी दिली होती.

"कोनती शिवी?" पोरीनं विचारलं.

मी सांगितली. पोरीनं पदरानं पुसावं तसं ओढणीनं तोंड पुसलं.

"हे पयले काहून नाही सांगतलं?"

"आताच आठवलं."

"मंग अजून असन काही," ती म्हणाली. "लावा डोक्स."

मी चुलीपासून पुन्हा सुरू केलं.