प्लास्टरखालची हळद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमचे हे फौजदार म्हणून निवृत्त झाले. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, म्हणून ते सांगतात आणि मी वहीत उतरवते. इथून पुढचं बोलणं त्यांचं.

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनातून जात नाही ती घटना एका साध्या अपघाताची आहे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी नेमणुकीला होतो. एका दुपारी लोह्याकडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची पत्नी ठाण्यात आले. सोबत हात रुमालात अडकवलेला मोटारसायकलवाला आणि एक साक्षीदार. बाईंचं काचबिंदूचं ऑपरेशन होतं, त्यासाठी गुरुजी गाडीने लातूरला निघाले होते. वळणावर मोटारसायकल आडवी आली आणि पडली.

"मी धडकलोच नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "तो आपोआप पडला."

"आपोआप कोण पडतंय, गुरुजी?" साक्षीदार म्हणाला. "मी डोळ्यानं पाह्यलं. गरिबाचा हात मोडलाय. साठ हजार द्या, दवापाणी करील. फोनवरून नको, रोख द्या."

मला बंदोबस्ताला निघायचं होतं. गुरुजींची गाडी आवारातच उभी होती. तिच्यावर ओरखडा तरी आहे का, हे पाहायला मी चार पायऱ्याही उतरलो नाही. म्हणालो, "गुरुजी, मिटवून घ्या. गुन्हा दाखल झाला तर गाडी अडकेल, तारखा पडतील."

बाईंनी पिशवीतून ऑपरेशनचे पैसे काढून दिले. मी तडजोडीचा जबाब घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. ते दोघं लातूरला न जाता घरी परतले.

महिनाभराने तोच मोटारसायकलवाला कोपरापर्यंत प्लास्टर घालून आला. विम्याचा दावा करायचा आहे, आता गुन्हा नोंदवा म्हणाला. त्याच वेळी मोंढ्यातला एक हमाल दाखल्यासाठी आला होता. तो माझ्या टेबलाजवळ वाकून हळूच बोलला, "साहेब, ह्याचा हात कधी मोडला? परवा तर माझ्यासंगं हळदीची पोती उचलून राहिला होता."

मी निरखून पाहिलं. प्लास्टरबाहेर दिसणारी नखं पिवळी होती.

"ही हळद कसली रे?"

"भाच्याच्या लग्नातली, साहेब."

"लई लावली की. चल, डॉक्टरला दाखवू."

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. महिनाभर झाकलेला हात पांढरा पडतो, कातडीचे पापुद्रे सुटतात. हा हात कोपरापर्यंत पिवळाधमक होता.

"भाच्यानं प्लास्टरच्या आतून लावली व्हय?" डॉक्टर म्हणाले.

ठाण्यात आणून त्याच्यापुढे चहा ठेवला आणि मी गप्प बसलो. खोटं बोलणाऱ्याला प्रश्नांपेक्षा शांततेचा त्रास जास्त होतो. चहा निवायच्या आत तो बोलला, "मी निस्ता पडणारा, साहेब. एकदा पडायचे दोन हजार. बाकी समदं त्या साक्षीदाराचं."

मुदखेडसह आजूबाजूच्या ठाण्यांना फोन केले. आणखी दोन तडजोडींत तोच साक्षीदार, तीच मोटारसायकल. दुसऱ्या दिवशी साक्षीदाराला उचललं. माणसं इतक्या लवकर पैसे कशी काढतात, असं मी विचारलं, तर तो हसला.

"आम्ही मागितले तर माणूस भांडतो, साहेब. तुम्ही 'मिटवून घ्या' म्हणलं की काढून देतो. म्हणून तर ठाण्यात आणतो."

हे वाक्य मी त्याच्या जबाबात जसंच्या तसं उतरवलं.

दोषारोपपत्र गेलं. पैसे मात्र त्यांनी उडवले होते. गुरुजी जबाबाला आले तेव्हा बाई त्यांचा दंड धरून पायऱ्या चढल्या. ऑपरेशन लांबलं आणि डावा डोळा गेला. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून सांगतो. रस्त्यावर असं झालं तर आधी दोन्ही गाड्यांचे आणि जागेचे फोटो काढा. पोलिसांना आणि विमा कंपनीला कळवा. जखमीला सरकारी दवाखान्यात नेण्याचा आग्रह धरा, खोटं दुखणं तिथून पळ काढतं. जागेवर रोख देऊ नका. आणि समोर खाकीतला माणूस मिटवा म्हणाला, तरी पंचनाम्याशिवाय मिटवू नका. मला हे शिकायला दुसऱ्याचा डोळा गेला.

एवढं सांगून हे थांबले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी माझ्या मनाने लिहिते.

पेन्शन सुरू झाल्यापासून दर महिन्याला त्यातले दोन हजार घेऊन मी एसटीने गुरुजींच्या गावी जात होते. पहिल्या वेळी गुरुजी म्हणाले, "चोरी त्यांनी केली, साहेबांनी का भरायचं?" मी पाकीट भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि निघून आले. पुढे बाईच हात पुढे करू लागल्या.

परवा शेवटचे दोन हजार दिले. बाईंनी नोटा बोटांनी चाचपल्या. आता उजव्या डोळ्यालाही कमी दिसतं.

"किती राहिले, वहिनी?"

"काही नाही. साठ हजार पुरे झाले."


"हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट चाचपडत देवळीत ठेवलं.