खंडेनवमीचं तेल

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी सायकल बघून लोकांचा गैरसमज होतो. बंगळूरला एका माणसानं तीन तास माझे पाय, खांदे, तळहात मोजले, डावा पाय उजव्यापेक्षा किंचित आखूड असल्याचा शोध लावला (सासरी अठरा वर्षांत कुणाला न सापडलेलं व्यंग!) आणि त्या मापानं कार्बनची ती सायकल बांधून दिली. चांगल्या शिंप्यानं शिवलेल्या ब्लाउजसारखी ती मला बसते. बुटांच्या तळव्याला क्लीट असतात, त्या पेडलमध्ये खटकन अडकतात. टाच बाहेर फिरवली तरच पाय सुटतो. ते पाय अडकलेले असणं मला आजही सहन होत नाही. तरी भीत भीत रोज इथं म्हैसूरला चामुंडीचा डोंगर चढते.

माझे सासरे, आप्पा, मात्र कशालाच भीत नसत. जुन्या म्हैसूर संस्थानात शिपाईगिरीला आलेल्या मराठी घराण्यातले, स्वतः हूटगळ्ळीच्या कारखान्यात फिटर होते. घरात पूर्वजांची एक तलवार आहे. खंडेनवमीला ती उतरवायची, पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, मग कुंकू. तेलाशिवाय हत्याराची पूजा होत नाही, हा त्यांच्या घरचा नियम. तलवारीमागून घरातली यंत्रं रांगेत येतात: शिलाई मशीन, पाने-पकडी, स्कूटर. गेल्या वर्षी त्या रांगेत माझी सायकल होती आणि मुलीची नवी सायकलही.

मी पुण्याहून लग्न करून आलेली. त्यांच्या पूजेत लुडबूड करत नाही. आप्पा अंगणात काय काय चोळतायत याकडे माझं लक्षच नव्हतं. संध्याकाळी हँडलला झेंडूची माळ आणि सीटखाली लिंबू दिसलं, तेव्हा हसले फक्त.

दसऱ्याच्या सकाळी माळ काढून निघाले. आमची गल्ली उताराची, आणि उतार संपतो तो थेट रिंग रोडवर. तिथं ब्रेक दाबला तर तो किंचाळला आणि सायकल जरा पुढे जाऊनच थांबली. दव पडलं असेल, म्हटलं. माझ्यासारखीनं खरं तर तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायच्या आत डोंगर करून यायचा होता. आणि चढताना ब्रेकची आठवण कुणाला येते?

उतरताना पहिल्याच वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबले. नुसती किंकाळी. वेग कमी होईना. बोटं दुखेपर्यंत दाबले, तरी नाही. समोरून बस वर येत होती. ड्रायव्हरचं उघडं तोंड दिसलं, ओरडत असणार. ते वळण मी कसं घेतलं, मला माहीत नाही. पुढचं वळण दिसत होतं आणि त्याच्या कठड्यापलीकडे सगळं शहर. पाय सोडवला तर तोल जाईल, या भीतीनं टाच हलेना. मी मोठ्यानं "आई, आई" म्हणत होते. आई जाऊन सहा वर्षं झालीत. डोंगराच्या अंगाला पावसानं वाहून आलेल्या मातीचा ढीग दिसला. त्यात सायकल घातली. आडवी पडले, कोपर सोलपटलं, आणि पाय तेव्हा आपसूक सुटले.

पडल्या पडल्याच वास आला. चाकाच्या मधली ब्रेकची चकती तापून धुरावली होती, आणि तो वास ओळखीचा होता. आप्पांच्या पोचे आलेल्या डब्यातलं मशीनचं तेल. आमच्या कड्याकुलुपांना, शिलाई मशीनला येतो तो वास. ब्रेक धरतो तो त्या कोरड्या चकतीवर. तिला तेलाचं बोटही लागता कामा नये. आप्पांनी ती तलवारीसारखी चकचकीत करून ठेवली होती.

रागवायला वेळ मिळाला नाही, कारण लगेच ती रांग डोळ्यांपुढे आली. मुलीच्या सायकललाही चकतीचेच ब्रेक. आणि ती आज मैत्रिणीला सोनं द्यायला निघणार होती. गल्लीच्या उतारावरून, रिंग रोडवर.

तिनं फोन उचलला नाही. नवरा गावात नव्हता. मातीच्या बोटांना स्क्रीन दाद देईना. शेवटी आप्पांना लागला.

"आप्पा, ती कुठंय?"

"आत्ताच सायकल काढली की गं. गेटाबाहेर आहे. का?"

"थांबवा तिला! ब्रेक लागणार नाही तिचा. धावा, आप्पा!"

फोन पडल्याचा आवाज आला. मग लांबून त्यांची कन्नडमधली हाक, "निल्लु! निल्लु!" पुढे काहीच नाही, फक्त कुठल्याशा ऑटोचा हॉर्न. मी मातीत बसून फोन कानाला दाबून धरला होता. इतकी मी वळणावरही घाबरले नव्हते. तिथं निदान ब्रेक दाबायला तरी होते.

बऱ्याच वेळानं मुलीचा चिडका आवाज आला. "अम्मा, आजोबांना काय झालंय? माझी सायकल धरून रस्त्यात बसलेत. सोडतच नाहीत."

सायकल ऑटोत कोंबून घरी आले. आप्पा पायरीवर होते. गुडघा फुटलेला, एक हात अजून मुलीच्या सायकलच्या कॅरियरवर. त्यांनी माझं कोपर पाहिलं. मग वाकून माझ्या चाकाची चकती हुंगली. फिटरला समजवायला लागत नाही.

"मीच लावलं, अल्वा? मीच ना? दोन्ही सायकलींना."

तुमची काही चूक नाही, असं म्हणायला हवं होतं. "हो आप्पा," मी म्हणाले, आणि तिथंच बसून रडले. ते तळहात धोतराला पुसत राहिले.

तेव्हापासून घरात भित्री माणसं दोन झाली आहेत. मी डोंगरावरून येईपर्यंत ते गेटाशी उभे असतात. यंदा खंडेनवमीला तलवारीला तेल लावून झाल्यावर त्यांनी डबा घट्ट बंद केला, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि मगच कुंकवाची वाटी घेऊन सायकलींपाशी आले. बोट कुंकवात बुडवलं आणि तसंच हवेत धरून ठेवलं.

"कुठं लावू गं, पोरी?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि बोट हँडलवर टेकवलं.