अर्धा घोडा

माणसाची बुद्धी आता मोजता येते, आणि हे आपल्या शतकाने मानवजातीला दिलेले मोठेच वरदान आहे. आम्ही पुण्याहून निघालो तेव्हा हे वरदान एका पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी माझ्या मांडीवर होती. पेटीचे मालक, माझे मेहुणे अनंतराव, समोरच्या बाकावर झोपले होते. अक्कलकुव्याच्या एका शेठजींनी मुक्याबहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली होती. तिथली कोणती मुले शिकवण्याजोगी आहेत, हे परीक्षा घेऊन ठरवायला अनंतरावांना बोलावणे आले होते. मला नव्हते. मला वैद्यांनी हवापालट सांगितला होता आणि बायकोने भावाची सोबत.

नंदुरबारला उतरलो. स्टेशनाबाहेर मिरच्या वाळत पडल्या होत्या, त्यामुळे गावाने आमचे स्वागत ठसक्याने केले. अक्कलकुवा या नावावरचे सगळे विनोद अनंतरावांनी तापी ओलांडण्यापूर्वीच संपवले, म्हणून पुढचा प्रवास शांततेत झाला. नदी नावेने, तळोद्यापर्यंत एक खिळखिळी मोटार, आणि तिथून बैलगाडी. उजव्या हाताला सातपुडा दिवसभर तसाच उभा होता. धुरकट, आणि आमच्यात काडीचाही रस नसलेला.

वाटेत एका नाल्यात चाक रुतले. वरच्या शेतातून चार-पाच भिल्ल खाली आले, चाकाला हात लावून उभे राहिले, आणि नुसते उभेच राहिले.

"कोणाची वाट बघताहेत हे?" अनंतरावांनी गाडीत बसूनच विचारले.

"तुम्हनी, भाऊ," गाडीवान इस्माईल म्हणाला. "काम तुम्हनं शे (आहे), मंग हात बी तुम्हना लागाले पाहिजे. नई तं त्या हलतस नई."

"मी कोट घालून चाक रेटू?"

"कोट काढी टाका ना."

आम्ही दोघे चिखलात उतरलो आणि हात लावला. चाक एका हिसक्यात वर आले. त्यात आमचा वाटा हात बरबटण्यापुरताच होता, पण लोक समाधानाने परत शेतात गेले. "विचित्र," असा अनंतरावांनी निकाल दिला.

शाळेची पाटी शाळेच्या दारापेक्षा रुंद होती. मूळचे मारवाडचे शेठ हस्तीमल पागोटे घालून उभे होते. हारतुरे झाले, हार्मोनियमवर स्वागतगीत झाले. ते गावातल्या दुसऱ्या शाळेच्या मुलींनी म्हटले. या शाळेतल्या मुलांनी ते शांतपणे पाहून घेतले. शेठजी वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची नात रुक्मा जन्मतःच बहिरी, तिच्यासाठीच तर शाळा. जेवताना, बाटीवर तूप ओतता ओतता, त्यांनी नियम सांगितला, "परीक्षेत जो उतरेल तो राहील, साहेब. बाकीच्यांनी घरी जावं. जागा थोडी आहे."

शाळेचे भगवान मास्तर आमच्या मागे मागे होते. त्यांना एकाच मुलीची काळजी लागली होती. डोंगरातली भिल्लाची जमनी, दहाएक वर्षांची, तीही बहिरी. गावी तिच्याशी कोणाला बोलता येत नव्हते. इथे तिने आणि रुक्माने बोटांची स्वतःची भाषा तयार केली होती. मास्तरांना तिच्यातले निम्मेच कळे. "दिवसभर बोलतात," ते म्हणाले. "रागावलो तर माझ्यासमोर माझीच नक्कल करतात. ही घरी गेली तर पुन्हा मुकी होईल, साहेब."

सकाळी परीक्षा सुरू झाली. टेबलापलीकडे अनंतराव, अलीकडे मूल. मी आणि मास्तर खिडकीत. तुकड्यांचा एक लाकडी घोडा जुळवायचा होता. रुक्माने तो हा हा म्हणता जुळवला. तिच्या घरी असली खेळणी पेटीभर होती. मग जमनी आली. तिने डोके, मान आणि पुढचे पाय भराभर जुळवले, उरलेले तुकडे अनंतरावांपुढे सरकवले आणि हात मांडीवर ठेवून बसली.

अनंतरावांनी ते परत सरकवले. तिने पुन्हा त्यांच्याकडे सरकवले, या खेपेस आणखी जवळ, पंगतीत लाजणाऱ्या पाहुण्याला वाढावे तसे. असे बराच वेळ चालले. शेवटी अनंतरावांनी घड्याळ बंद केले.

"महिनाभर हेच चाललंय," मास्तर ओसरीवर म्हणाले. "पाटीवर अर्धी ओळ काढते नि पाटी माझ्याकडे देते. रागावून पाहिलं, एकदा चापटही मारली. हट्टी आहे, असंच वाटलं."

मी त्यांना नाल्यातल्या चाकाची गोष्ट सांगितली.  मास्तरांची शाळेची मराठी सुटून घरची अहिराणी तोंडात आली. "म्हंजे ती मन्हा (माझा) वाटा ठेवी ऱ्हायनी व्हती. आनि मी तिले मारं."

अनंतरावांकडे गेलो आणि त्यांच्या खुर्चीत मला बसू द्या म्हटले. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून ते हो म्हणाले. जमनीने पुन्हा अर्धा घोडा जुळवला आणि तुकडे माझ्याकडे दिले. मी जुळवू लागलो. मागचा पाय मी शेपटीच्या जागी लावला. तिने माझ्याकडे पाहिले, पाय काढून जागेवर बसवला आणि माझ्या हातावर हलकेच थोपटले. खिडकीतून रुक्माने बोटांनी काहीतरी सांगितले आणि दोघी पोट धरून हसल्या. विषय माझी बुद्धी असावा.

"ती हुशार आहे, मला दिसतंय, भाऊसाहेब," जेवून परतलेले अनंतराव दारातून म्हणाले. "पण मला दिसतंय, याला गुण नसतात. एकाच्या कामाला दोघे बसले, तर गुणही दोघांत वाटावे लागतील."

"मग तिच्यापुरता नियम बदला."

"नियम बदलला तर मुंबईच्या मुलाशी तिची तुलना कशी करायची?"

"ती करायची कशाला?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते प्रामाणिक होते, ही त्यांच्याविषयीची सर्वांत अडचणीची गोष्ट.

जमनी उतरली नाही, असे अनंतरावांनी शेठजींना सांगितले, आणि बाजाराच्या दिवशी तिचा बाप तिला न्यायला आला. खांद्यावर कांबळे, पायांत काही नाही. मास्तर त्याच्याशी त्याच्या भिली बोलीत बोलले आणि त्याचे बोलणे आम्हाला मराठीत सांगत राहिले.

"विचारतोय, पोरीनं काम केलं नाही का?"

"अर्धं केलं, म्हणावं," अनंतराव म्हणाले.

बाप अनंतरावांकडे वळला. मग एकच वाक्य बोलला.

"विचारतोय," मास्तर खाली बघत म्हणाले, "मग बाकीचं साहेबांनी का नाही केलं?"

 बाप आणि मुलगी रस्त्याला लागली. रुक्माशी बोलता यावे म्हणून जमनी उलटी चालत होती. दोघींची बोटे चालू होती. बाजाराच्या गर्दीत जमनी दिसेनाशी झाली, तरी रुक्माची बोटे थोडा वेळ हलत राहिली. मग तिने हात परकराला पुसले आणि आत गेली.

आम्ही परत निघालो. नंदुरबारला गाडीची वाट पाहताना माझ्या मनात येत होते की जगात एक भाषा होती, ती बोलणारी माणसे दोन, आणि आम्ही त्यांच्यामध्ये डोंगर घालून आलो. प्रवासाने दृष्टी विशाल होते म्हणतात. माझी तरी रुळांच्या पलीकडे गेली नाही.

घरी पोचल्यावर अनंतरावांनी गुणांचा तक्ता पक्का लिहून काढला. उतरायला अर्ध्याहून जास्त गुण लागत होते. जमनीला नेमके अर्धे मिळाले. उरलेले अर्धे त्यांनी नियमाप्रमाणे माझ्या नावावर मांडले, त्यामुळे अक्कलकुव्याच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत मी नापास आहे.