नेल्डा टीगने वाटलेल्या टोप्या

शर्यत जिंकली की गाडी विजयाच्या चौकात येते, ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पडतो, त्याच्या अंगावर कुणीतरी बर्फाचं पाणी ओततं, आणि मग त्या दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम सुरू होतं. ते टोप्यांचं. गाडीवर ज्या ज्या कंपनीचं नाव रंगवलेलं असेल, त्या प्रत्येकीच्या टोप्या घालून सगळ्या चमूने फोटो काढून घ्यायचा. मोठ्या प्रायोजकाचा मान पहिला. एक टोपी, एक फोटो. ती काढायची, दुसरी घालायची. दमलेले, घामाघूम झालेले लोक नुसता हात पुढे करतात, हातात पडेल ती टोपी डोक्यावर ठेवतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. टोपीकडे कुणी बघत नाही. बघण्याचं काम नेल्डाचं.

नेल्डा टीग आधी कापडगिरणीत होती. गिरणी बंद पडली तेव्हा तिचा नवरा गार्लंड हॅडॉक मंडळींच्या गाड्यांची इंजिनं बांधायचा. त्याच्याबरोबर तीही तिथे शिरली ती कायमची. शनिवारी सँडविचेस करायची, चमूचे कपडे धुवायची, नव्या टोप्यांना किटलीची वाफ देऊन त्यांचा आकार नीट बसवायची. गार्लंड हृदयविकाराने गेला तरी ती राहिली, कारण तोवर तिचा मुलगा रँडल त्याच शेडमध्ये बापाचे पाने हाताळायला लागला होता. उत्तर कॅरोलायनाच्या त्या डोंगरपट्टीत पोरं बापाच्या मागे चर्चमध्ये जातात तशीच शेडमध्येही जातात.

मग छर्ऱ्यांचं प्रकरण झालं.

शर्यतीआधी प्रत्येक गाडी काट्यावर चढते. ठरलेल्या वजनापेक्षा हलकी गाडी चालत नाही. हॅडॉकच्या गाडीच्या पोकळ सांगाड्यात शिशाचे छर्रे भरलेले होते. काट्यावर वजन बरोबर यायचं. मग सुरुवातीच्या सावकाश फेऱ्यांत ड्रायव्हर एक तार ओढायचा आणि छर्रे हळूहळू रस्त्यावर सांडून गाडी हलकी व्हायची. एका रविवारी ती झडप अडकली आणि सगळे छर्रे एकदम वळणावर ओतले गेले. मागच्या दोन गाड्या त्यावरून घसरून भिंतीवर गेल्या. माणसं वाचली, पण टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

गाडीच्या बॉनेटवर ‘टॉलिव्हर सॉसेज’ असं ठळक लिहिलेलं. म्हातारे टॉलिव्हर रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवणारे. त्यांनी निरोप धाडला: ज्याने हे केलं तो माणूस जाईल तर आम्ही राहू, नाहीतर आमचं नाव पुसा.

चमूचा मालक रॉइस हॅडॉक. त्याने रँडलला शेडच्या मागे नेलं. “हे बघ पोरा, एक वर्ष तू अंगावर घे. माझ्यावर आलं तर सगळ्यांचीच चूल विझेल. पुढच्या वर्षी तुला परत आणतो. तुझ्या बापाची शपथ.”

आणि रँडलने घेतलं अंगावर. शर्यतींच्या संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. रॉइस टीव्हीवर मान खाली घालून म्हणाला, “माझ्या पाठीमागे माझ्याच माणसाने दगा दिला.” वर्ष सरलं, दुसरं लागलं, आणि रॉइस रँडलचा फोन उचलेनासा झाला. त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती. छर्रेवाला म्हणून कुणी त्याला दारात उभं करेना. तो पोरगा आता हमरस्त्यावर ट्रकची टायरं बदलत होता. आईकडे जेवायला यायचा तेव्हा ताटातलं अर्धं टाकून उठायचा.

खरं काय ते नेल्डाला माहीत होतं. छर्ऱ्यांची कल्पना रॉइसने मांडली तेव्हा ती त्याच शेडमध्ये टेबलावर बिस्किटं मांडत होती. पण रँडलने तिला गप्प राहायला लावलं होतं. “ममा, त्याने शब्द दिलाय.” आणि आता बोलून उपयोग काय? आई आहे, आई तसंच बोलणार, असं म्हणून लोक मोकळे झाले असते.

म्हणून ती कामावर जात राहिली. केस कापायला गेली की वांडा, तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिला सोडायची नाही.

“तुला लाज कशी वाटत नाही गं? तुझ्या पोराचा बळी दिला त्याने, आणि तू त्याचे मोजे धुतेस?”

“धुते.”

“मी असते तर त्याच्या चहात झुरळ टाकलं असतं!”

“झुरळाने काय होतं वांडा? उलटी होते फक्त,” नेल्डा म्हणाली. “मागचं जरा कमी कर, मानेवर येतायत.”

तिने डूख धरला होता. कुठे आणि कसं डसायचं तेवढं कळत नव्हतं.

ते रॉइसनेच तिच्या हातात दिलं. वसंतात एकदा ती ट्रेलरमधलं कपाट आवरत असताना रेनकोटांखाली एक बंद खोकं सापडलं. आत कोऱ्या करकरीत टोप्या, ‘पाइन नॉब सॉसेज’च्या. टॉलिव्हरांचा हाडवैरी. दोघांचे कारखाने एकाच नदीच्या दोन काठांना, आणि दोन्ही घरांतली माणसं एकमेकांच्या अंत्यविधीलाही जात नाहीत.

“ते तसंच राहू दे हां, मिस नेल्डा,” रॉइस मागून म्हणाला. “पुढच्या वर्षाचं आहे. म्हातारा आता चिंगूस झालाय. पण ऑक्टोबरपर्यंत त्याला कळता कामा नये. पाइन नॉबवाल्यांनी बजावून सांगितलंय, आधी फुटलं तर ते हात झटकणार.” मग हसून तिच्या खांद्यावर थोपटलं. “तू काय, घरचीच.”

“घरचीच,” नेल्डा म्हणाली.

त्यानंतर ती आयुष्यात पहिल्यांदा रॉइसची गाडी जिंकावी म्हणून मनापासून प्रार्थना करू लागली. गाडी कधी तिसरी यायची, कधी आठवी. ती दर रविवारी ते खोकं ट्रेलरमधून खाली उतरवायची आणि गाडी हरली की परत चढवायची.

सप्टेंबरात, भर उन्हात, गाडी जिंकली. म्हातारे टॉलिव्हर नातवंडांना घेऊन आलेले होते. ते सुटाबुटात विजयाच्या चौकात उभे राहिले. ड्रायव्हरने त्यांचा हात हातात घेतला, रॉइसने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. फोटोवाला ओरडला, “चला, पहिली टोपी!”

नेल्डाने वाटल्या. ड्रायव्हरला, टायरवाल्यांना, रॉइसला. सगळ्यांनी हात पुढे केले, डोक्यावर ठेवल्या, हसले. टॉलिव्हरांना तिने नाही दिली. तेवढी माणुसकी होती तिच्यात. फोटो निघाले, टीव्हीचा कॅमेरा जवळ आला. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या धाकट्या नातीने बोट दाखवलं.

“आजोबा, यांनी त्या वाईट लोकांच्या टोप्या का घातल्यात?”

टॉलिव्हरांनी मान वळवून रॉइसच्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याचा हात आपल्या खांद्यावरून चिमटीने उचलून बाजूला केला आणि नातवंडांना घेऊन चालू लागले.

दोन दिवसांनी रॉइस नेल्डाच्या दारात उभा. तिने जाळीचं दार उघडलं नाही.

“का केलंस हे?”

“उन्हात नीट दिसलं नाही रे. वय झालं.”

“नेल्डा, माझ्याशी खेळू नकोस. पाइन नॉबवाले गेले. म्हातारा महिनाअखेरीस बॉनेटवरचं नाव खरवडायला माणूस पाठवतोय. तू जाऊन त्याला सांग, की त्या टोप्या तू गंमत म्हणून आणल्या होत्या. माझ्यावर राग होता म्हण. तुझं ऐकेल तो. तू त्याच्याच चर्चमधली.”

“आणि माझा रँडल?”

रॉइसने कपाळ पुसलं. “त्याची बंदी उठवतो. संघटनेच्या साहेबाला सांगतो, की तो सांगाडा आम्ही तसाच विकत घेतला होता, पोराला काही ठाऊक नव्हतं.”

“तिथेही खोटंच सांगशील?”

“तुला पोराचं नाव साफ हवंय की माझं वाकडं?”

नेल्डाला दोन्ही हवं होतं.

“आधी तू जा,” ती म्हणाली. “मग मी जाते म्हाताऱ्याकडे.”

“बोलशील ना त्याच्याशी?”

“सगळं बोलेन.”

रॉइस गेला. बॉनेटवरचं नाव जायच्या भीतीने माणूस किती वेगाने हालचाल करतो ते नेल्डाने पाहिलं. बंदी उठली, बातमी आली, आणि शेजारच्या परगण्यातल्या एका चमूने रँडलला त्याच आठवड्यात बोलावलं. त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता की हसत होता तिला कळेना.

“ममा, आता पुरे कर. शेडमध्ये बाकीचीपण माणसं आहेत. टायरवाल्या बडीला चार पोरं आहेत.”

“मला ठाऊक आहे. त्यांच्या वाढदिवसांचे केक मीच करते.”

“मग?”

ती फोन कानाला धरून ओट्यापाशी उभी राहिली. बडीच्या पोरांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले, आणि ते बाजूला सारताना तिला जड गेलं. पण रॉइस टीव्हीवर मान खाली घालून उभा होता तेव्हा याच माणसांनी त्याच्या मागे रांगेत उभं राहून माना डोलावल्या होत्या. बडीनेसुद्धा.

तिने चर्चला घालायचा निळा झगा घातला आणि सॉसेजच्या कारखान्यात गेली. टॉलिव्हरांनी उठून तिला खुर्ची दिली, बर्फ घातलेला गोड चहा मागवला.

“त्या टोप्या तुम्ही गंमत म्हणून आणल्या, असं हॅडॉक म्हणतो.”

“नाही सर. वसंतापासून त्याच्या कपाटात होत्या. मी फक्त वाटल्या.” आणि मग तिने शिशाच्या छर्ऱ्यांचं, शेडमागच्या शपथेचं, विकत घेतलेल्या सांगाड्याच्या थापेचं, एकेक करत सगळं सांगितलं. आवाज एकदाही चढवला नाही. तिच्या चहातला बर्फ विरघळून गेला.

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” म्हाताऱ्याने विचारलं.

“आधी माझ्या पोराची मान त्याच्या हातात होती,” नेल्डा म्हणाली. “आता नाही.”

बाहेर येऊन ती गाडीत बसली. पर्समधला फोन वाजतच होता.

“बोललीस का?” रॉइसचा श्वास लागला होता.

“बोलले.”

“काय म्हणाला?”

“ते तो तुला स्वतः सांगणार आहे,” नेल्डा म्हणाली. “फोन मोकळा ठेव.”